घरी रेकॉर्ड करू की स्टुडिओत जाऊ? आवाज डब्यात गायल्यासारखा येतोय

पहाटपाखरू:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. माझ्या स्वतःच्या चालींची पाच गाणी आहेत, ती नीट रेकॉर्ड करायचीत. आवाज माझा, पेटी मीच वाजवते, एक मित्र गिटार वाजवतो आणि तीन गाण्यांना तबला आहे. घरी एक कंडेन्सर माइक, दोन चॅनेलचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचं यंत्र), बंद कपांचा हेडफोन आणि लॅपटॉप एवढं सामान आहे. त्यावर दोन गाणी करून बघितली. सूर लागलेत, शब्द कळतात, पण ऐकताना असं वाटतं की कुणीतरी डब्यात तोंड घालून गातंय, आणि "स" "श" आले की कानाला टोचतात. भावाला ऐकवलं तर तो म्हणाला मोबाईलवर केलंस का, खूप वाईट वाटलं कारण त्या एका गाण्यावर मी तीन आठवडे बसले होते.

आता कुणी म्हणतं माइक बदल, कुणी म्हणतं फोम लाव, कुणी म्हणतं घरी काही होत नसतं सरळ स्टुडिओत जा. स्टुडिओत मी एकदाच गेलेय, दुसऱ्याच्या गाण्यात कोरसला, आणि काचेपलीकडे चार माणसं बघतायत, घड्याळ चालू आहे, म्हणून घसा असा आवळला की माझा आवाज मलाच ओळखू येईना. घरी पहाटे एकटी असते तेव्हा जसं गायलं जातं तसं तिथे होईल असं वाटत नाही. पण गाणी तर चांगली ऐकू यायला हवीत, एवढी वर्षं मनात घेऊन फिरलेय ती. ज्यांनी दोन्हीकडे काम केलंय त्यांनी सांगा, नक्की काय केल्याने काय फरक पडतो?

घुमट:

माइक बदलू नका, आधी खोली बघा. माझं ठाम मत आहे हे. तुम्ही जे "डब्यात" म्हणताय तो डबा म्हणजे तुमची खोलीच आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे भिंत माइकपासून १ मीटरवर असेल तर भिंतीवर आपटून परत यायला त्याला जेमतेम ६ मिलिसेकंद लागतात. इतक्या लवकर आलेला पडसाद आपल्याला वेगळा ऐकू येत नाही, तो मूळ आवाजातच मिसळतो आणि काही सूर खाऊन टाकतो, काही फुगवतो, त्यालाच आपण डब्यातला आवाज म्हणतो. मोठ्या हॉलमध्ये हाच पडसाद उशिरा येतो म्हणून तो घुमल्यासारखा, गोड वाटतो. लहान खोलीत तो गोडवा नसतोच, नुसता चिखल होतो.

दुसरं म्हणजे खोलीचे स्वतःचे सूर असतात. समोरासमोरच्या भिंतींत ३ मीटर अंतर असेल तर ५७ हर्ट्झच्या आसपास आणि मग त्याच्या पटीत ११४, १७१, २२८ असे सूर ती खोली आपणहून धरून ठेवते, आणि खोली चौरस असेल तर लांबी-रुंदीचे तेच सूर एकावर एक बसतात. यातले वरचे दोन तुमच्या गाण्याच्या पट्टीतच पडतात बघा, म्हणून काही स्वर उगाच मोठे येतात आणि आपण समजतो की आपलंच गाणं असमान झालंय.

आत्ता उठून खोलीच्या मध्यावर उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. टाळीनंतर "ट्रंग्ग" असा धातूसारखा शेपटा ऐकू आला तर समोरासमोरच्या भिंती उघड्या आहेत.

फोमबद्दल लोक फार चुकीचं सांगतात. दोन-तीन सेंटिमीटरचा पातळ फोम फक्त वरची तीव्र कंपनं शोषतो, खालचं आणि मधलं सगळं तसंच राहतं, मग खोली आणखी कोंदट वाटते. १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, ती एवढ्याशा फोमला काय दाद देणार. काम करतो तो जाडपणा, म्हणजे १० सेंटिमीटर जाडीची रॉकवूलची (दगडी लोकरीची) पाटी, कापडात नीट गुंडाळलेली, भिंतीपासून थोडी पुढे काढून लावलेली, आणि कोपऱ्यांत त्याहून जाड. पण ते पुढचं पुढे. आज फुकटात करायचं तर जाड रजई घ्या आणि ती माइकच्या मागे नाही, स्वतःच्या पाठीमागे टांगा. सगळे इथेच चुकतात. तुमचा माइक बहुतेक कार्डिऑइड असेल, तो समोरचं ऐकतो आणि त्याच्या समोर तुम्ही आणि तुमच्या मागची भिंत असते, म्हणजे त्याला सगळ्यात जास्त ऐकू येते तीच भिंत. खोलीच्या अगदी मधोमध किंवा कोपऱ्यात गाऊ नका. कपड्यांच्या कपाटात शिरून गाणारे पण आहेत, तसं करू नका, वरचं सगळं शोषलं जातं आणि खालचा डबा तसाच राहतो.

आणि जवळ या. ४० सेंटिमीटरवरून २० वर आलात तर तुमचा थेट आवाज ६ डीबीने वाढतो आणि खोलीचा तेवढाच राहतो. अंतर साधारण वीत-दीड वीत ठेवा, मध्ये पॉप फिल्टर (तोंडाच्या हवेचा झोत अडवणारी जाळी). फार चिकटलात तर खालचे सूर फुगतात तेवढं सांभाळा. "स" "श" साठी माइक कपाळाच्या उंचीवर घेऊन तोंडाकडे थोडा झुकवा किंवा १५-२० अंश तिरका करा, हवेचा झोत सरळ पडद्यावर जायला नको.

काचेमागचा:

मी कामच स्टुडिओत करतो, त्यामुळे माझं पारडं तिकडे झुकलेलं असेल ते धरून वाचा. वरचं खोलीबद्दलचं अक्षर न अक्षर बरोबर आहे. पण स्टुडिओ म्हणजे महागडे माइक असं जे डोक्यात बसलंय ते काढा. आमच्याकडे सगळ्यात जास्त खर्च जातो तो दिसतच नाही, खोलीच्या आत दुसरी खोली बांधलेली असते, आतली जमीन रबरावर किंवा स्प्रिंगवर उचललेली असते म्हणजे बाहेरचा धक्का आत येत नाही, दोन काचा एकमेकींशी तिरक्या असतात, दारं दोन, एसीची हवा रुंद डक्टमधून इतकी हळू सोडतात की ऐकूच येत नाही. हे घरी नाही होत. रजईने घुमणं कमी होतं, बाहेरचा आवाज अडत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक एकच समजतात. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि एकही फट चालत नाही.

आता तुमच्या पाच गाण्यांचं. आवाज आणि गिटार घरी होईल, नक्की होईल, एक माइक एक माणूस एवढं काम आहे. तबला मात्र घरी करू नका असं मी म्हणेन. दोन माइक लागतात, एक चाटीच्या धारेला, एक डग्ग्याला, दोघांना एकमेकांचं ऐकू येतं आणि अंतर चुकलं तर फेज बिघडून (म्हणजे दोन माइकमधल्या लाटा एकमेकींना खाऊन) डग्ग्याची गुमकी पोकळ होते. ढोबळ नियम असा की माइक वाद्यापासून जितका लांब त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये ठेवायचं, पण तबल्यात ते जमत नाही कारण दोन्ही मांडीला मांडी लावून बसलेले, मग कानाने जागा शोधावी लागते, आणि जो वाजवतोय त्यालाच ते ऐकता येत नाही. शिवाय डग्ग्याची मींड खालच्या सुरांत फिरते, नेमकी जिथे लहान खोली खोटं बोलते तिथे.

घसा आवळण्याबद्दल, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण त्यात चूक तुमची नव्हती. गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज बरोबर द्यायचा हे इंजिनियरचं काम आहे. आवाज कमी दिला तर माणूस ओरडतो, जास्त दिला तर दबून गातो आणि सूर घसरतो. थोडा रिव्हर्ब म्हणजे घुमारा द्यायचा (तो फक्त ऐकण्यापुरता, रेकॉर्ड होत नाही), पेटी थोडी वर, दिवे कमी, काचेपलीकडे मी एकटा. पहिला अर्धा तास मी लाल बटण दाबलंय की नाही ते सांगतच नाही. हे सगळं तुम्ही आधी मागू शकता. कोरसमध्ये ही सवलत मिळत नाही, स्वतःच्या गाण्यात मिळायलाच हवी.

घरी केलेलं मोठं काम नसतंच असं मी कधीच म्हणणार नाही. चार ट्रॅकचा कॅसेट पोर्टास्टुडिओ (घरी रेकॉर्डिंग करायचं यंत्र) १९७९ मध्ये आला आणि तीनच वर्षांनी अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा अल्बम "नेब्रास्का" त्यावर घरात केलेल्या कच्च्या रेकॉर्डिंगमधून निघाला. बँड घेऊन स्टुडिओत परत करून बघितलं होतं, पण ती घरातली धग येईना म्हणून कॅसेटच ठेवली. ती कॅसेट तबकडीवर चढवताना मास्टरिंगवाल्यांचा घाम निघाला तो भाग कुणी सांगत नाही. गायिका बिली आयलिशच्या ज्या अल्बमला २०२० मध्ये ग्रॅमी मिळालं तोही तिच्या भावाच्या झोपायच्या खोलीत झाला, पण मिक्सिंग (सगळे ट्रॅक जुळवणं) आणि मास्टरिंग (शेवटचा हात फिरवणं) वेगळ्या अनुभवी लोकांनी केलं. म्हणून मी घर की स्टुडिओ असं विचारतच नाही, कुठलं काम कुठे एवढंच विचारतो.

सहाव्वीतार:

मी गिटारवाला, गेली नऊ वर्षं सगळं घरीच करतो. वरच्या दोघांनी आवाजाचं सांगितलं, मी दोन-तीन वेगळ्याच गोष्टी सांगतो ज्यात माझे महिने गेले.

एक म्हणजे लेटन्सी. गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज किंचित मागून येत असेल तर माणूस नकळत ताल सोडतो आणि कारण कळत नाही. बफर (लॅपटॉप आवाजाचा जेवढा तुकडा साठवून मग पुढे पाठवतो तो) २५६ सॅम्पल आणि रेट (सेकंदाला किती सॅम्पल ते) ४४.१ किलोहर्ट्झ असेल तर फक्त त्या बफरचेच जवळजवळ ६ मिलिसेकंद, ते जाताना आणि येताना दोन्हीकडे, वर इंटरफेसचे थोडे. रेकॉर्ड करताना बफर ६४ किंवा १२८ करा, मिक्स करताना परत वाढवा. त्याहून सोपं म्हणजे इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं ते चालू करा आणि सॉफ्टवेअरमधलं ऐकणं बंद करा, नाहीतर दोनदा ऐकू येईल.

दुसरं लेव्हल. हिरवा पट्टा वरपर्यंत गेला पाहिजे असं मला कुणीतरी शिकवलं होतं, ते १६ बिटच्या जमान्यातलं. २४ बिटला ठेवा आणि सगळ्यात मोठी तान उणे १२ ते उणे १० डीबीच्या वर जाणार नाही असा गेन लावा, नंतर वाढवता येतं, फुटलेला आवाज मात्र परत जोडता येत नाही.

तिसरं पेटीचं, हे तुमच्यासाठी खास. पेटीचे सूर बांधलेले असतात आणि पुष्कळ पेट्या ४४० हर्ट्झला (ट्यूनर ज्या मापावर चालतो त्याला) नेमक्या बसत नाहीत, थोड्या वर किंवा खाली असतात. मित्राने गिटार ट्यूनरवर लावली आणि तुम्ही पेटीवर गायलात तर सगळं मिळून कायम आंबट लागणार, आणि दोष जाणार माइकला. आधी पेटीचा सूर ट्यूनरवर मोजा, किती सेंट (पेटीच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांमध्ये १०० सेंट) इकडेतिकडे आहे ते लिहून ठेवा, गिटार आणि तबला दोन्ही त्यावरच लावा.

आता घरची खरी अडचण, ती खोली नाहीये. घरी कुणी थांबवत नाही. मी एका सोलोचे साठाच्या वर टेक घेतलेत, शेवटी निवडला तो चौथा. तेव्हापासून पाच टेक घेतो आणि उठतो, ऐकतो दुसऱ्या दिवशी. तुमचे तीन आठवडे मला ओळखीचे वाटले.

आणि स्टुडिओत गेलात तर एक गोष्ट आधीच बोलून घ्या. मला एकदा एका ठिकाणी सगळं झाल्यावर फक्त एक तयार स्टिरिओ फाइल दिली, सुटे ट्रॅक मागितले तर म्हणाले ठेवलेच नाहीत. मिक्स आवडला नव्हता, काही करता आलं नाही, ते गाणं तसंच राहिलं, अजून सल आहे. प्रत्येक ट्रॅक वेगळा, वेव्ह फाइल, २४ बिट, सगळे शून्यापासून सुरू होणारे, त्याच दिवशी स्वतःच्या हार्ड डिस्कवर घेऊनच बाहेर पडा.

पहाटपाखरू:

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, काय बोलू. टाळी वाजवली, ट्रंग्ग आलं, अगदी तसंच! मी माइकच्या मागे फोम चिकटवला होता आणि स्वतः उघड्या भिंतीला पाठ करून गात होते. काल पहाटे दोरीवर दोन रजया टाकून त्या पाठीमागे घेतल्या, माइक कपाळापाशी नेला, पंखा आणि फ्रिज बंद केला, आणि तेच कडवं परत गायलं. भावाला न सांगता दोन्ही ऐकवली, तो म्हणाला दुसऱ्यात तू समोर बसलीयस. पेटी मोजली, १४ सेंट वर निघाली, मित्र गिटार घेऊन बसलाय आता.

तबला स्टुडिओत करायचं पटलं. पण मग आधी काय करू? तबला आधी की गाणं आधी? क्लिकवर (हेडफोनमधल्या तालाच्या टिकटिकीवर) गायलं की माझं गाणं यंत्रासारखं होतं, दोन गाण्यांत तर मी मुद्दाम ओळ संपताना थांबते. आणि मिक्स घरी करू का?

काचेमागचा:

ताई, जी तीन तबल्याची गाणी आहेत त्यांचा आधी घरी कच्चा गाइड ट्रॅक करा, पेटी आणि आवाज, भाव पूर्ण ठेवा पण सफाई नको. तो घेऊन या, तबलजी तो ऐकत वाजवतील. मग तो तबला घरी नेऊन त्यावर शांतपणे पहाटे खरा आवाज गा. उलट केलंत, म्हणजे पक्का आवाज आधी आणि तबला नंतर, तर तबलजी तुमच्या मागे धावत राहतात आणि ते ऐकू येतं.

लय एकसारखी चालते त्या गाण्यांना क्लिक लावा, पण नुसती टिकटिक लावू नका, ठेक्याची साधी लूप लावा, गळा लगेच सैल होतो. ज्या दोन गाण्यांत तुम्ही थांबता तिथे क्लिक अजिबात नको. त्यातल्या एकाला जरी तबला असेल तर ते एक गाणं दोघांनी एकाच वेळी करा, एकमेकांना काचेतून बघत, वेगवेगळ्या खोल्यांत, तेवढ्यासाठी स्टुडिओ लागतोच. समेवर येताना डोळ्याने जे कळतं ते हेडफोनमध्ये कळत नाही.

घुमट:

गाइडबद्दल थोडा असहमत आहे. गाइड फार भाव ओतून गायलात तर नंतरच्या पक्क्या टेकमध्ये त्याची नक्कल होते, माझ्या बहिणीचं दोन वेळा असं झालंय. गाइडमध्ये शब्द आणि जागा दाखवा, थांबायचं तिथे नेमकं थांबा, पण जीव राखून ठेवा.

मिक्सचं म्हणाल तर बॅलन्स घरी करा, शेवटचा हात दुसऱ्याकडून फिरवून घ्या. खालच्या सुरांबद्दल तुमची खोली तुम्हाला खोटं सांगते, त्यामुळे डग्गा एकतर फार ठेवाल नाहीतर फार काढाल. तोवर आवडीचं एखादं चांगलं रेकॉर्ड झालेलं गाणं त्याच प्रोजेक्टमध्ये टाका, त्याचा आवाज तुमच्याइतका खाली आणा आणि आलटून पालटून ऐका. खाली आणणं महत्त्वाचं, कारण जे मोठं वाजतं ते कानाला आपोआप चांगलं वाटतं. एकदा मोनो करूनही ऐका, दोन माइकची भांडणं तिथे लगेच उघडी पडतात. आवाज खूप मोठा करायच्या मागे लागू नका, बहुतेक स्ट्रीमिंगवाले स्वतःच तो एका पातळीला आणतात, स्पॉटिफायचं ते उणे १४ लफ्स (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप) आहे, दाबून दाबून मोठं केलेलं गाणं तिथे नुसतं चपटं होऊन खाली येतं.

सहाव्वीतार:

एक राहिलं, स्टुडिओत जायच्या आधी गाइड आणि तबल्याचा सॅम्पल रेट एकच आहे ना ते विचारा. तुमचं ४४.१ आणि त्यांचं ४८ असेल आणि कुणी न बदलता फाइल ओढून टाकली तर गाणं पेटीच्या लागोपाठच्या पट्ट्या धरल्या तर जवळजवळ दीड पट्टी वर जातं. आणि त्या १४ सेंटचं तबलजींना आधी सांगा, नाहीतर ते तबला ट्यूनरवर लावून येतील.

पहाटपाखरू:

दोन्ही वहीत लिहून घेतलं. तबलजींशी बोलणं झालं, ते म्हणाले पेटीच घेऊन या, त्या सुरावर समोर बसून लावतो. पुढच्या आठवड्यात दोन गाण्यांचा ठेका होईल, आणि थांबत गायचं जे गाणं आहे ते शेवटी एकत्र. इंजिनियरना फोन करून हेडफोनचं आणि दिव्यांचं सांगितलं, ते म्हणाले अर्धा तास आधी या, नुसतं गात बसा. रजया अजून दोरीवरच आहेत, आई रोज विचारते कधी काढणार.

घुमट:

पाचवं गाणं होईपर्यंत नका काढू. आणि दोरीची जागा, माइकचं अंतर, गेनच्या बटणाचा आकडा, सगळ्याचे फोटो काढून ठेवा, दोन आठवड्यांनी एखादी ओळ परत गावी लागली तर तीच जागा तसाच आवाज देईल.